ह्यांचं अक्षर

काकूंच्या नवऱ्याचं अक्षर कुणालाच वाचता यायचं नाही. लग्न ठरल्यावर त्यांनी पहिलं पत्र पाठवलं, ते घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरलं आणि कुणालाच लागेना. शेवटी काकूंचे वडील ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस, त्याला जमेल, असा त्यांचा अंदाज. दुकानदाराने पत्र उजेडात धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं आणि म्हणाला, "जेवणानंतर घ्यायचं आहे, एवढं नक्की."

हा किस्सा पुढे घरात इतक्यांदा सांगितला गेला की खुद्द नवरेबुवाही तो नव्या माणसाला आपणहून सांगायचे. काकूंना ते पत्र लागायला बरेच दिवस गेले. पण एकदा लागलं ते लागलंच. त्यानंतर त्या अक्षराने त्यांना कधी अडवलं नाही.

नवरा एका वर्तमानपत्रात अर्थविषयक बातम्या लिहायचा. कंपन्यांचे ताळेबंद, बँकांचे अहवाल, सरकारी आकडे. ऑफिसात त्यांना 'दशांश' म्हणायचे, कारण एकदा छापायला गेलेल्या बातमीत दशांशचिन्ह एक घर सरकलंय हे जेवता जेवता लक्षात आल्यावर ते हात न धुता छापखान्यात धावले होते आणि त्यांनी यंत्र थांबवायला लावलं होतं. मालक तापले, पण चूक छापली गेली नाही. त्यांना टाइप करायला जमायचं नाही, हाताने लिहायचे, आणि ऑफिसातल्या टायपिस्टने तर त्यांच्या कागदांपुढे हात टेकले होते. म्हणून घरी टाइपरायटर आला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो कायमचा बसला. वर्षानुवर्षं काकूंनी नवऱ्याचा शब्द न् शब्द त्याच्यावर टाइप करून दिला. ताळेबंद कुठून वाचायला सुरुवात करायची, नफा फुगवतात कसा, हे त्यांना भाजी निवडण्याइतक्या सहज समजत होतं. त्याचा उपयोग त्यांनी कधी कुठे केला नाही.

नवरा गेल्यावर घरात त्याच्या कागदांचंच राज्य उरलं. माळ्यावर, पलंगाखाली, न्हाणीघराबाहेरच्या कपाटात. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, "आई, सगळं रद्दीत देऊन टाक, तुला श्वास घ्यायला जागा नाही." काकूंनी रद्दीवाल्याला बोलावलंही होतं. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कुठून तरी कळलं आणि तिथली संग्रहाचं काम पाहणारी बाई टेम्पो घेऊन दारात हजर झाली. तिशी उलटलेली, हळू आवाजात बोलणारी, वाचनखोलीतल्या एसीमुळे उन्हाळ्यातही स्वेटर घालणारी. तिने एकेक कागद असा उचलला, जसं काही तान्हं मूल. काकूंना बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं.

महिन्याभराने तिचाच फोन आला. "काकू, नुसती खोकी लावून झालीत. पण आत काय आहे ते एक अक्षर लागत नाहीये हो. आमच्या सरांनी भिंग घेतलं, तरी नाही."

"भिंगाने मोठं होतं, स्पष्ट होत नाही," काकू म्हणाल्या. "मी येते."

तेव्हापासून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी ग्रंथालयात जायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला ती खोली होती. खिडक्यांना पिवळट कागद चिकटवलेला, मधोमध लांब टेबल, शाईचं पेन न्यायला बंदी, पाण्याची बाटली न्यायला बंदी. काकू वह्या उघडून मोठ्याने वाचायच्या आणि स्वेटरवाली बाई कंप्युटरवर उतरवून घ्यायची. वह्या बातमीदारांच्या असतात तशा, अरुंद, वरून उलटायच्या. तारीख, कुणाला भेटले, तो काय म्हणाला, आकडे. मध्येच 'गॅसचा नंबर लावणे' किंवा 'चपला शिवून आणणे'.

मुलाने विचारलं तर काकू सांगायच्या, वेळ जातो. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण दुसरं होतं. काकू एक ओळ शोधत होत्या.

फार वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने एका छोट्या सहकारी बँकेबद्दल लेख लिहिला होता. बँक बाहेरून ठणठणीत दिसत होती. आतून संचालकांनी आपल्याच घरच्यांना कर्जं वाटून तिचं भुसकट केलं होतं. लेख छापून आला त्या सकाळी बँकेपुढे रांग लागली, आणि दुपारी शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. त्याच बँकेत काकूंच्या धाकट्या भावाने वडिलांची जमीन विकून आलेले पैसे ठेवले होते. सायकल दुरुस्तीचं भाड्याचं दुकान होतं त्याचं. शेजारचा गाळा विकत घ्यायचं चाललं होतं. तो लेख नवऱ्याने काकूंकडे टाइप करायला दिलाच नव्हता. ऑफिसात बसून दोन बोटांनी स्वतः टाइप केला होता. काकूंनी तो सकाळी चहा घेताना इतर सगळ्यांसारखाच पेपरात वाचला.

भाऊ त्याच दिवशी आला. दारातच उभा राहिला. "ताई, तुला माहीत नव्हतं?"

"नाही रे. शपथ घेऊन सांगते."

"त्यांचं सगळं तूच तर टाइप करतेस," तो म्हणाला. तेवढंच. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. त्यानंतर तो त्या घरी कधीच आला नाही. पुढे स्वतःचं दुकान गेलं, दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढत त्याने उरलेलं आयुष्य काढलं. तो गेला तेव्हा काकू शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. भावजयीने त्यांना पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "तुम्ही बसा ना." पूर्वी ती त्यांना 'अहो ताई' म्हणायची.

काकूंना हवी होती ती ओळ एवढीच, की 'हिला सांगितलं नाही'. किंवा 'मेव्हण्याचे पैसे आहेत, काय करू'. काहीही. माणूस एक क्षण अडखळला होता, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. त्या वर्षाची वही त्यांनी सगळ्यांत आधी काढून वाचली होती. तीत तसं काही नव्हतं. मग पुढच्या वर्षाची. मग त्याच्या पुढच्या. माणसाला उशिराही सुचतं, असं त्या स्वतःला सांगत होत्या.

एका मंगळवारी त्या खोलीत शिरल्या तर टेबलाशी कुणी तरी बसलेलं होतं. पन्नाशीची बाई, इस्त्रीची साधी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. स्वेटरवाली बाई काकूंना बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांनी रीतसर अर्ज केलाय. त्या बँकेच्या लेखाच्या वेळची वही बघायचीय. तुम्ही वाचून द्याल?" आणि तिने अर्ज पुढे केला. काकूंनी आडनाव वाचलं. ते आडनाव एके काळी आठवडाभर पहिल्या पानावर होतं. बँकेच्या मॅनेजरांचं.

मॅनेजरांनी पैसे खाल्ले नव्हते. हे पुढे चौकशीत निघालं. पण कर्जाच्या कागदांवर सही त्यांची होती. शटर पडल्यावर ते रोज बँकेत जाऊन बसायचे, मागच्या दाराने लोकांना आत घेऊन बोलायचे. त्याच आठवड्यात एका सकाळी काउंटरच्या मागे, कुणाशी तरी बोलताना, ते छातीला हात लावून खाली बसले आणि उठलेच नाहीत. मुलगी तेव्हा शाळेत जाणारी होती. ती आज इथे बसली होती.

"ह्या काकू," स्वेटरवाली बाई म्हणाली. "ह्यांना अक्षर लागतं."

कुणाच्या कोण ते ती बोलली नाही. तिला वाटलं असेल काकू सांगतील. काकूंनी सांगितलं नाही. खुर्ची ओढून त्या बसल्या.

"मला फार काही नकोय," मॅनेजरांची मुलगी म्हणाली. "बाबा गेले त्या दिवशीचं पान असेल ना? त्या दिवशी त्या माणसाने काय लिहिलं, एवढंच ऐकायचंय."

काकूंनी वही उघडली. ते पान त्यांना पाठ होतं. *मॅनेजर गेले. सकाळी, काउंटरवर. उद्या पान एक, दोन कॉलम. फोटो मिळतो का बघणे. वयाची खात्री करणे.* आणि खाली, *गीझर दुरुस्त करणारा येणार.*

"मॅनेजर गेले," काकूंनी वाचलं. "सकाळी, काउंटरवर."

त्या थांबल्या. समोरच्या बाईने पर्सवरचे हात आणखी आवळले होते. ती वहीकडे बघत नव्हती, काकूंच्या तोंडाकडे बघत होती. परीक्षेचा निकाल सांगणाऱ्याकडे मुलं बघतात तशी.

"आज काही सुचत नाही," काकू म्हणाल्या. "जेवण गेलं नाही."

खोलीत फक्त कंप्युटरच्या बटणांचा आवाज होता. मॅनेजरांच्या मुलीने रुमाल काढला आणि चेहरा झाकून घेतला. मग म्हणाली, "एवढं तरी वाटलं त्याला." आणि थोड्या वेळाने, "आई आजही म्हणते, तो माणूस त्या रात्री पोटभर जेवून झोपला असेल. आज जाऊन सांगते तिला. थकलीय आता ती. पण कान शाबूत आहेत."

ती गेली. जाताना तिने काकूंचा हात दोन्ही हातांत धरला होता. स्वेटरवाली बाई म्हणाली, "काकू, आज वाचताना तुमचाही आवाज बदलला." काकू म्हणाल्या, "घसा धरलाय," आणि घरी आल्या.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि टेबलाशी बसल्या. त्या दिवशीचं सगळं त्यांना आठवत होतं. नवरा संध्याकाळी वेळेवर घरी आला होता. हातपाय धुऊन पानावर बसला. "मॅनेजर गेले," असं जेवता जेवता म्हणाला. काकू म्हणाल्या होत्या, "माझा भाऊही बुडाला." त्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बातमी खरी होती." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते दुष्ट नव्हते. मूल तापाने फणफणलं की रात्रभर उशाशी बसणारा माणूस होता. पण त्या दिवशी ते जेवले होते, आणि काकूंनी त्यांना वाढलं होतं.

खोटं बोलल्याचं काकूंना आधी फारसं काही वाटलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर चार बरे शब्द जमा केले, कुणाचं काय गेलं? त्यामुळे एका बाईला रडता आलं. झोपताना मात्र एक विचार आला आणि तो हलेना. त्यांच्याशिवाय ते अक्षर कुणालाच लागत नव्हतं. त्या म्हणतील तेच नवऱ्याने लिहिलं, असं होणार होतं. मग आजवर वाचून दिलेल्या साऱ्या वह्यांचं काय? आणि उद्या त्यांना स्वतःला हवी ती ओळ खरंच कुठे सापडली, तर त्यांच्या तोंडून ती ऐकून कुणी का विश्वास ठेवावा? त्यांचा स्वतःचा तरी बसेल का? भाऊ दारात उभा राहून जे म्हणाला होता, ते त्यांना आठवलं. शपथ घेऊनही त्याला खरं वाटलं नव्हतं. खरं बोलूनही विश्वास बसत नाही तेव्हा काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि इथे एक बाई विश्वास ठेवून गेली होती, तो खोट्यावर.

शुक्रवारी त्या ग्रंथालयात गेल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "अगं, मंगळवारी मी चुकीचं वाचलं. मुद्दाम."

स्वेटरवाल्या बाईने उघडलेली वही मिटली. तिने चष्मा काढला, पुसला. "कुठलं?" तिने विचारलं. काकूंनी सांगितलं. तिने फाइल उघडून त्या दोन ओळी खोडल्या आणि खऱ्या ओळी विचारून टाइप केल्या. गीझरपर्यंत. मग म्हणाली, "कागदावरचं झालं. त्यांना कोण सांगणार?"

"मी. तू फक्त बोलावून घे."

मॅनेजरांची मुलगी पुढच्या मंगळवारी आली. येताना ह्या वेळी हसली. काकू तिला बाहेर जिन्याच्या वळणावर घेऊन गेल्या. तिथे भिंतीला लागून एक बाक होतं. दोघी बसल्या. काकूंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं: काय वाचलं, आणि पानावर खरं काय होतं.

ती ऐकत राहिली. मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही कोण?"

"लिहिणाऱ्याची बायको."

जिन्यावरून कुणी तरी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उतरत होतं, ते खाली जाईपर्यंत ती थांबली. "मी आईला सांगितलं," ती म्हणाली. "तिने मला दोनदा सांगायला लावलं. त्या रात्री ती शांत झोपली हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या नवऱ्याला शिव्या न देता झोपली. आता मी तिला जाऊन काय सांगू?"

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"का केलंत असं?"

"तुम्हाला हवं होतं म्हणून," काकू म्हणाल्या. "आणि मलाही हवं होतं. माझाही भाऊ त्या बँकेत बुडाला. मला वाटतं, ह्यांना त्याचं काही तरी वाटलं असावं. म्हणून वह्या उलटतेय. कुठेच काही नाही. तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं."

"तुमचा भाऊ जिवंत होता," ती म्हणाली.

"हो," काकू म्हणाल्या. "होता."

ती उठली. पदर सारखा केला, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली. मागे वळून पाहिलं नाही. काकू बाकावर बसून राहिल्या. आतून स्वेटरवाली बाई आली आणि शेजारी बसली. ग्रंथालयात चहा न्यायला मनाई, पण जिन्यावर होती की नव्हती कुणास ठाऊक. तिने थर्मासमधून झाकणभर ओतून दिला.

त्यानंतर बरेच दिवस गेले. काकू येत राहिल्या, वाचत राहिल्या. पण आता एक नवी गोष्ट त्यांनी सुरू केली. स्वेटरवाल्या बाईला शेजारी बसवून त्या अक्षर शिकवायला लागल्या. हा वाकडा आकडा म्हणजे 'र'. हे टिंब नाही, 'व' आहे, घाईत लिहिलाय. काना ते नेहमी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर टाकतात. बाई हुशार होती, पण पानाला तास लागायचा. "काकू, ह्याच्यापेक्षा शिलालेख बरे," ती म्हणायची. काकू म्हणायच्या, "शिलालेख लिहिणाऱ्याला घरी जायची घाई नव्हती."

पिवळट खिडक्यांवर पावसाचे ओघळ यायला लागले होते तेव्हा एका शुक्रवारी मॅनेजरांची मुलगी पुन्हा आली. ह्या वेळी तिने नमस्कार वगैरे काही केला नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लेखाच्या आधी ते बाबांना भेटले होते. आई म्हणते, आमच्या घरीच आले होते. त्याचं काही आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या.

"जेवढं आहे तेवढंच वाचाल?"

"वही तुमच्यापुढे ठेवते. शब्दाशब्दावर बोट ठेवते. शंका आली की थांबवा. आणि हिलाही आता थोडं लागतं, हिच्याकडून तपासून घ्या."

स्वेटरवाली बाई खुर्ची घेऊन दुसऱ्या बाजूला आली. तिघी एका वहीवर वाकल्या. काकूंनी वाचायला सुरुवात केली, पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक शब्द सोडवत.

*घरी. पहिला मजला. मॅनेजर स्वतः चहा करतात, पत्नी बाहेर गेली आहे. एका कपाचा कान तुटलेला. तो स्वतःकडे घेतला. विचारलं, मोठी कर्जं कुणाला? म्हणाले, संचालकांच्या घरच्यांना. सही? माझी. का केलीत? गप्प. मग म्हणाले, नोकरी होती. पुन्हा गप्प. म्हणाले, हे असंच लिहा, मी नाही म्हणणार नाही. लोकांना त्रास होईल ना? मी म्हटलं, होईल. म्हणाले, उशिरा झाला तर जास्त होईल, नाही का? मी म्हटलं, हो.*

मॅनेजरांच्या मुलीने काकूंचं बोट धरून थांबवलं. "हे 'उशिरा' कुठे लिहिलंय?"

काकूंनी दाखवलं. स्वेटरवाली बाई वाकली, ओठ हलवत जुळवलं आणि मान डोलावली.

"वाचा."

*मुलगी शाळेतून आली. बोलणं थांबवलं. तिची वेणी सुटली होती. रिबीन बांधायला गेले, एका हाताने जमेना, दुसऱ्या हातात कप. मला म्हणाले, जरा टोक धरता का. धरलं. गाठ नीट बसली नाही, पुन्हा बांधली. मुलगी खेळायला गेली. मग आकडे सांगितले.*

त्याच्याखाली आकडेच होते, दोन पानं भरून. छापून आलेल्या लेखात फक्त ते आकडे होते.

"मला आठवत नाही," मॅनेजरांची मुलगी म्हणाली. "बाबा वेणी घालायचे हे आठवतं. सैल घालायचे, शाळेत पोचेपर्यंत सुटायची. पण हा दिवस नाही. ह्या माणसाचा चेहरा नाही. मी इतकी वर्षं त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतेय." ती वहीवर हात ठेवून बसली. शाईवर हात ठेवू नये असा तिथला नियम होता. स्वेटरवाल्या बाईने तिकडे पाहिलं नाही.

निघताना ती म्हणाली, "हे आईला ऐकवायचंय. मी वाचलं तर तिला खरं वाटणार नाही. मी मागच्या वेळी शहाणपणा केला, तिला म्हटलं, ते चुकून वाचलं गेलं होतं. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं." मग जड जिभेने म्हणाली, "तुम्ही याल?"

रविवारी काकू छायाप्रती घेऊन गेल्या. घर तेच होतं, पहिल्या मजल्यावरचं. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती, पायांवर शाल, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरेपणा.

"खोटं वाचणाऱ्या बाई त्या ह्याच का?" तिने मुलीला विचारलं.

"हो," काकूच म्हणाल्या.

"बसा. इकडे, कानाजवळ."

काकूंनी वाचलं. म्हातारी हलली नाही. तुटक्या कपाचं आलं तेव्हा तिच्या ओठाची एक बाजू हलली. 'नोकरी होती' आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. रिबिनीपर्यंत आल्यावर तिने हात वर केला, काकू थांबल्या. तिने हात खाली घेतला, काकूंनी पुन्हा तिथून वाचलं. वाचून झाल्यावर काकूंनी कागद जुळवले.

"हे असंच बोलायचे," म्हातारी म्हणाली. "दोन शब्द बोलायचे आणि गप्प." मग तोंड काकूंच्या आवाजाकडे वळवून तिने विचारलं, "ते गेले त्या दिवशी तुमचे यजमान जेवले?"

मुलीने काकूंकडे पाहिलं.

"जेवले," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मीच वाढलं."

म्हातारीने सावकाश मान हलवली. तिला ते नवीन नव्हतं. तिच्या मुलीने आत जाऊन चहा ठेवला. भांड्यांचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"हिने सांगितलं, तुमच्या भावाबद्दल काही शोधताय," म्हातारी म्हणाली. "सापडलं?"

"नाही."

"अजून बघायचंय काही?"

"दोन खोकी राहिलीत."

"नसेल हो त्यात काही," म्हातारी म्हणाली. टोचायला म्हणाली नाही. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर आलेला डॉक्टर घरच्यांशी बोलतो, तसं म्हणाली.

"नसेलच," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ते लपवलं नाही, म्हातारीला दिसत नव्हतं म्हणून असेल. पण म्हातारीने हात चाचपत पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला, आणि चहा येईपर्यंत काढला नाही.

चहा झाल्यावर काकू उठल्या. छायाप्रती त्यांनी म्हातारीच्या मांडीवर ठेवल्या. वाचता येत नसल्या तरी तिने त्या दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. मुलगी खालपर्यंत सोडायला आली. रस्ता ओला होता, बस यायला वेळ होता. दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. बोलण्यासारखं होतं ते झालं होतं. बस आली तेव्हा मुलगी म्हणाली, "सांभाळून जा," आणि काकू चढल्या.

राहिलेली दोन खोकी काकूंनी हिवाळ्यात संपवली. त्यांत भावाबद्दल काही नव्हतं.